चेमुल, चेऊल, रेवदंडा

पश्चिम किनाऱ्यावरील प्राचीन बंदरांचा विचार करूं लागलें कीं शूर्पारक, कल्याण, ठाणें हीं नांवें प्रथम पुढें येतात. चौलाचें नांव त्यांच्याच पंक्तींतलें, किंबहुना अखंड वस्तीच्या दृष्टीनें त्यांच्याहि वरचढ. परंतु चौलाविषयीं लिहितांना लेखणी अडखळते. याचें मुख्य कारण असें कीं, साधनांत ‘चौल’ म्हणून जें येतें तें एक स्थळ नाहीं. ग्रीकांचें चौल, शिलाहारांचें चौल, निजामशहाचें चौल आणि पोर्तुगीजांचें चौल हीं सर्व कुंडलिका नदीच्या मुखाशीं चार-पांच मैलांच्या टापूंत येतात खरीं. पण कोणत्या लेखांतील चौल कोणतें, हें ज्यानें प्रथम ठरविलें नाहीं त्याचा पुढील सारा इतिहास एकमेकांत गुंतून बसतो. हा गुंता नांवाच्या टोंकाकडून सोडवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

अलिबागेच्या दक्षिणेस सुमारें दहा मैलांवर नारळी-पोफळीच्या आगरांत हें गांव वसलें आहे. अष्टागरांतील हें एक आगर. समुद्राच्या बाजूस, खाडीच्या तोंडाशीं, तटानें वेढलेला रेवदंडा. त्याच्या ईशान्येस, आंतल्या अंगाला, जुन्या चौलाच्या वाड्या, तळीं, देवळें. आणि खाडीपलीकडे समुद्रांत घुसलेल्या डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला. नकाशावर हे तीन बिंदु नीट लक्षांत ठेवल्यास पुढील विवेचन समजण्यास सोपें जाईल.

नांवाचा सर्वांत जुना देशी पुरावा कान्हेरीच्या लेण्यांत आहे. तेथील ब्राह्मी लेखांत ‘चेमुल’ येथील हैरण्यिकाच्या कुळांतील माणसानें पाण्याचें टांकें खोदविल्याची नोंद आहे. हैरण्यिक म्हणजे सोनार घ्यावा कीं द्रव्यकोशाचा अधिकारी घ्यावा, याविषयीं मतें निराळीं आहेत. माझा कल पहिल्या अर्थाकडे आहे, कारण बंदराच्या गांवीं सोन्या-चांदीची पारख करणारा माणूस बाहेरगांवच्या भिक्षुसंघास दान देण्याइतका सधन असणें अगदीं स्वाभाविक होय. अर्थ कोणताहि घेतला तरी सातवाहनकाळीं या गांवाचें नांव ‘चेमुल’ होतें हें निर्विवाद ठरतें.

आतां ग्रीक लेखकांकडे वळूं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी मार्गदर्शकाचा कर्ता ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण सांगून झाल्यावर दक्षिणेकडील पेठांची यादी देतो. तींत पहिलेंच नांव ‘सेमुल्ल’ असें आहे. पुढच्या शतकांतील टॉलेमी ‘सिमुल्ल’ हें नांव देतो व तेथें एक भूशिरहि दाखवितो. परंतु टॉलेमीच्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडांत एक वाक्य असें आहे कीं त्याकडे आपल्याकडील अभ्यासकांनीं द्यावें तितकें लक्ष दिलेलें नाहीं. तिकडे वारंवार जाऊन आलेल्या व तिकडून आलेल्या व्यापाऱ्यांच्या माहितीचा आधार देऊन तो सांगतो कीं, या सिमुल्लास तेथील लोक ‘तिमुल’ म्हणतात.

एकाच गांवाचा आरंभ एकदां ‘स’नें व एकदां ‘त’नें कां व्हावा? ग्रीक वर्णमालेंत ‘च’ नाहीं. ‘च’ हा ध्वनि स्वतः त-वर्गीय स्पर्शानें सुरू होऊन श-स सारख्या घर्षणांत संपतो. ज्याच्या भाषेंत तो नाहीं तो त्याचा एखादाच अर्धा भाग पकडतो. कोणी पुढचा, कोणी मागचा. एका नावाड्याच्या कानानें ‘सिमुल्ल’ ऐकलें, दुसऱ्याच्या कानानें ‘तिमुल’; मध्यें जो ध्वनि दोघांच्याहि हातून निसटला तो कान्हेरीच्या कोरक्यानें खडकांत कोरून ठेवला आहे. परकीय साधनांतील दोन विसंगत रूपें देशी रूपाच्या साह्यानें अशीं जुळावीं, असा योग स्थलनामांच्या अभ्यासांत फारसा येत नाहीं.

कांहीं जुन्या विद्वानांनीं चेमुल म्हणजे साष्टीलगतचें चेंबूर असावें असा तर्क केला होता. नांवाच्या सादृश्याखेरीज त्यास आधार दिसत नाहीं. ‘पेरिप्लस’च्या यादीचा क्रम कल्याणानंतर दक्षिणेकडे जातो; टॉलेमीचें भूशिर चेंबुराजवळ सांपडत नाहीं, तें कोर्लईच्या सोंडेस मात्र तंतोतंत लागू पडतें; आणि पुढील काळांतील अरब, रूसी व पोर्तुगीज उल्लेखांची सांखळी अखंडपणें चौलापाशींच येऊन पोंचते. त्यांत आतां भूमीचा पुरावा मिळाला आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील डॉ. विश्वास गोगटे व त्यांचे सहकारी यांनीं चौल परिसरांत समन्वेषण व उत्खनन करून सातवाहनकाळच्या वस्तीचे अवशेष उजेडांत आणले. भूमध्यसमुद्राकडील मद्यकुंभांचीं व पश्चिम आशियांतील झिलईदार भांड्यांचीं खापरें तेथें मिळालीं. चेंबूरपक्ष मागे घेण्यास एवढें पुरेसें आहे असें मला वाटतें.

चेमुल या प्राकृत नामाचें पंडितांनीं ‘चेमुल्य’ असें संस्कृतीकरण केलें. शिलाहार अनंतदेवाचा खारेपाटण येथें मिळालेला शके १०१६ (इ. स. १०९४-९५) चा ताम्रपट या दृष्टीनें अत्यंत महत्त्वाचा आहे. त्यांत दोघां श्रेष्ठींच्या जहाजांस स्थानक, नागपुर, शूर्पारक व चेमुल्य या बंदरांत जकात माफ केल्याचें सांगितलें आहे. ताम्रपट म्हटला म्हणजे गांव, अग्रहार, चतुःसीमा आणि शापाशीर्वाद हें ठरलेलें; त्यांत जहाजांची जकात क्वचितच वाचावयास मिळते. सवलत ज्यांस मिळाली ते दोघे राजाचे अमात्यहि होते. अमात्याचीं स्वतःचीं गलबतें चार बंदरांत फिरत आणि राजा त्यांची जकात सोडी, ही गोष्ट शिलाहारांच्या राज्यकारभाराविषयीं पुष्कळ कांहीं सांगून जाते. चेमुल्य हें त्या चार बंदरांच्या यादींत शेवटीं आलें आहे. तेवढ्यावरून त्यास गौण मानण्याचें कारण नाहीं.

या ताम्रपटाच्या जवळजवळ दोन शतकें आधीं बगदादचा प्रख्यात इतिहासकार अल्‌-मसूदी स्वतः या बंदरांत उतरला होता. हिजरी ३०४ (इ. स. ९१६-१७) सालीं आपण ‘सैमूर’ येथें होतों, असें तो लिहितो. अरबी भाषेंतहि ‘च’ नाहीं. त्या जागीं अरब ‘साद’ हें अक्षर घालतात, जसें चीन देशास ते ‘सीन’ म्हणतात. अंतींच्या ‘ल’चा ‘र’ झाला, एवढा फरक सोडला तर सैमूर म्हणजे चेमुलच. मसूदी सांगतो कीं हें शहर बल्हाराच्या राज्यांत असून तेथील राजाचें नांव ‘जांज’ आहे. तेथें दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून येऊन स्थायिक झालेले लोक आहेत, आणि याच देशांत जन्मलेले, ज्यांस ‘बयासिरा’ म्हणतात, तेहि आहेत. त्यांच्यावर एक प्रमुख असून त्याच्या पदास ‘हुनरमन’ असें नांव आहे. त्याची नेमणूक राजा करतो व मुसलमानांचे कज्जे तोच तोडतो. किनाऱ्यावरील भाषेस तो ‘लारिय’ म्हणतो. लार म्हणजे लाट देश, हें सांगावयास नकोच.

बल्हारा म्हणजे राष्ट्रकूट वल्लभराज आणि जांज म्हणजे उत्तर कोंकणचा शिलाहार राजा झंझ. ताम्रपटकारांनीं झंझाची स्तुति करतांना त्यानें आपल्या नांवानें बारा शिवालयें बांधलीं असें म्हटलें आहे. बारा शिवालयें बांधणारा हा राजा आपल्या बंदरांतील मुसलमान वस्तीला तिचा स्वतःचा न्यायाधीश नेमून देतो, ही गोष्ट एका बाजूनें ताम्रपट व दुसऱ्या बाजूनें अरबी ग्रंथ उघडल्याखेरीज कळत नाहीं. मसूदीनें अतिशयोक्ति केली असेल अशी शंका कोणास आल्यास चिंचणीचा शके ८४८ (इ. स. ९२६) चा ताम्रपट पहावा. त्यांत राष्ट्रकूटांनीं संजानचा कारभार ‘मधुमति’ नामक ताजिकाकडे सोंपविल्याचें स्पष्ट आहे. मधुमति हें मुहंमद या नांवाचें संस्कृत रूप होय. पंडिताच्या हातीं पडलें म्हणजे कोणतेंहि नांव गोड होतें! ‘अजायब-उल्‌-हिंद’ या दहाव्या शतकांतील दर्यावर्दी गोष्टींच्या संग्रहांत तर सैमूरच्या एका हुनरमनाचें नांवच दिलें आहे, अब्बास बिन माहान. देवळांत गैरवर्तन केलेल्या एका खलाशाचा खटला राजानें त्याच्यापुढें ठेवल्याची हकीकत तेथें येते. गोष्ट म्हणून तिचें कांहींहि मोल असो; हुनरमन हें पद खरोखरीचें होतें याला तो स्वतंत्र पुरावा आहे.

याच टापूंत, चौलाच्या उत्तरेस, आक्षी येथें केशिदेवरायाचा शिलालेख आहे. चंद्र-सूर्य वर कोरलेली ही गधेगाळ मराठी भाषेच्या आद्य लेखांपैकीं एक म्हणून आतां सर्वतोमुखीं झाली आहे. तिचा शक ९३४ (इ. स. १०१२) वाचावा कीं नाहीं याविषयीं मतभेद आहेत. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं ९३४ हें वाचन स्वीकारलें. केशिदेव ऊर्फ अरिकेसरी याचा शके ९३९ चा ताम्रपट उपलब्ध असल्यामुळें हें वाचन कालदृष्ट्या असंभाव्य म्हणतां येत नाहीं. लेखांत राजास पश्चिम समुद्राचा अधिपति म्हटलें आहे. ही बिरुदावली नुसती कविकल्पना नव्हे. लेखापासून दोन-तीन कोसांवर त्या समुद्राची जकात वसूल होत होती.

आतां ध्वनिपरिवर्तनाचा दुसरा टप्पा पाहूं. दोन स्वरांमधील ‘म’चा अनुनासिक ‘व’ होणें हा आपल्या भाषेचा नित्याचा स्वभाव आहे; ग्रामाचें गांव, नामाचें नांव झालें तें याच नियमानें. त्याच नियमानें चेमुलाचें ‘चेंवुल’, त्याचें ‘चेऊल’ व शेवटीं ‘चौल’ झालें. मोडी कागदांत सर्रास ‘चेऊल’ असें येतें. पोर्तुगीज लेखनांतील रूपाचा उच्चार आज तिकडे ‘शाउल’ असा करितात. परंतु सोळाव्या शतकांत त्या जोडाक्षराचा उच्चार ‘च’ असाच होता, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे त्यांनीं नांव बिघडविलें नाहीं, जसें ऐकलें तसेंच लिहिलें, असें दिसून येईल. दीड हजार वर्षांनीं एका परकीयाच्या कानास हा ‘च’ अखेर सांपडला!

चौलाचीं ‘चंपावती’ व ‘रेवतीक्षेत्र’ अशींहि नांवें स्थानिक परंपरेंत सांगतात. कोणी चाफ्याच्या झाडांवरून, कोणी बलरामपत्नी रेवतीवरून व्युत्पत्ति देतात. हीं नांवें वर दिलेल्या प्राचीन साधनांत कोठेंहि येत नाहींत. रेवदंडा या नांवांतील ‘रेव’ ही रेती व ‘दांडा’ हा समुद्रांत गेलेला जमिनीचा पट्टा, जसा दांडा-राजपुरी, असें मी समजतों. खाडीच्या मुखाशीं उभें राहून पाहणारास दुसरी व्युत्पत्ति सुचणार नाहीं. रेवती मागाहून आली असावी. माहात्म्यकारांचा हा नित्याचा उद्योग आहे. त्याबद्दल त्यांस दोष द्यावयाचा नाहीं, पण त्यांवर भिंत उभारावयाची नाहीं.

बहामनी अमलांत चौल हें घोड्यांच्या व्यापाराचें मोठें बंदर झालें. त्वेर येथील रूसी व्यापारी अफनासी निकितीन इ. स. १४६९ च्या सुमारास (या सालाविषयीं विद्वानांत दोन-तीन वर्षांचा फरक आहे) एक घोडा घेऊन येथें उतरला. उघड्या डोक्याच्या, अंगावर अपुरें वस्त्र असलेल्या लोकांचें व गोऱ्या माणसामागें धांवणाऱ्या गर्दीचें त्यानें केलेलें वर्णन मौजेचें आहे. येथून पालीवरून तो जुन्नरास गेला व तेथें खानानें त्याचा घोडा जप्त करून धर्मांतराची अट घातली. एका खोरासानी गृहस्थाच्या रदबदलीनें तो सुटला. वास्को-द-गामाच्या आधीं सुमारें पांव शतक हा मनुष्य भूमार्गानें व लहान गलबतांनीं चौलास पोंचला होता. रेवदंड्यांत त्याचें आधुनिक स्मारक आहे.

पोर्तुगीजांच्या आगमनापासून चौलाचीं दोन चौलें झालीं. इ. स. १५०८ च्या मार्चांत ईजिप्तच्या सुलतानाचा सरदार अमीर हुसेन व दीवचा मलिक अयाज यांच्या आरमारानें चौलाच्या खाडींत पोर्तुगीजांस गांठलें व व्हाइसरॉय आल्मेदा याचा पुत्र दों लोरेंसु त्यांत पडला. दुसऱ्याच वर्षीं दीवपाशीं बापानें मुलाचा सूड घेतला. इ. स. १५१६ मध्यें पोर्तुगीजांस येथें वखारीची परवानगी मिळाली. १५२१ मध्यें बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीनें त्यांनीं किल्ल्याचें काम सुरू केलें. ही जागा जुन्या चौलांत नव्हती. ती खाडीच्या तोंडाशीं, आजच्या रेवदंड्याची. यापुढें पोर्तुगीज कागदांत नुसतें ‘चौल’ आलें म्हणजे तें रेवदंडा समजावें. निजामशाहीच्या ताब्यांतील मूळ शहरास ते ‘वरचें चौल’ म्हणत. १५२४ च्या सप्टेंबरांत व्हाइसरॉय होऊन आलेला वास्को-द-गामा प्रथम उतरला तो याच खालच्या चौलांत. त्याच डिसेंबरांत कोचीन येथें तो मरण पावला.

दुआर्ते बार्बोझ इ. स. १५१६ च्या सुमारास लिहितांना सांगतो कीं, वस्ती एरवीं थोडी, पण डिसेंबर ते मार्च या महिन्यांत जहाजें आलीं म्हणजे येथें मोठी जत्रा भरते व घाटावरून बैलांचे तांडे माल घेऊन उतरतात. हा बाजार समुद्रापासून आंत भरे, ही त्याची नोंद वरच्या चौलास जुळते. सोळाव्या शतकाच्या अखेरचा डच प्रवासी लिन्स्खोटेन हाहि पोर्तुगीज शहराजवळच देशी लोकांचें निराळें शहर असून तेथें रेशमी कापड विणलें जातें असें लिहितो. यावरून हीं दोन गांवें शेजारीं-शेजारीं, निरनिराळ्या सत्तांखालीं व परस्परांच्या गरजेवर जगत होतीं असें चित्र उभें राहतें. विणणारा वरच्या चौलांत, वाहून नेणारा खालच्या.

हें शेजारपण नेहमींच सुखाचें नव्हतें. इ. स. १५७० च्या अखेरीस विजापूर व अहमदनगर यांनीं एकमतानें पोर्तुगीजांवर हत्यार धरलें. आदिलशहानें गोव्यास व मुर्तजा निजामशहानें रेवदंड्यास वेढा दिला. त्या वेळीं नगरास पुरता तटहि नव्हता. घराघरांतून लढाई झाली. पोर्तुगीज लेखक निजामशाही फौजेचा आंकडा लाखावर नेतात. जेत्यानें शत्रूची संख्या वाढविणें हें कोणत्याहि भाषेंतील बखरींत आढळतें, तेव्हां तो आंकडा जसाच्या तसा घेण्याचें कारण नाहीं. पण वेढा इ. स. १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला व निजामशहास तो उठवावा लागला हें खरें. फिरिश्ता याचें खापर निजामशाही अंमलदारांच्या लांचखोरीवर फोडतो आणि लांचांत मद्याचा विशेष उल्लेख करतो. मुसलमान इतिहासकारानें आपल्याच पक्षाविषयीं लिहिलेली ही गोष्ट सहज टाकून देतां येत नाहीं.

पुढें दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानें खाडीपलीकडील डोंगरावर, म्हणजे कोर्लईस, किल्ला बांधून रेवदंड्याचा श्वास कोंडण्याचा प्रयत्न केला. इ. स. १५९४ च्या सप्टेंबरांत पोर्तुगीजांनीं तो छापा घालून घेतला. दरवाजांत एक हत्ती मरून पडल्यामुळें दार लावतां आलें नाहीं, असें ते सांगतात.

ही दोन चौलांची गोष्ट मराठ्यांच्या इतिहासांत विशेष घोटाळा करते, आणि कागद जमविणाऱ्या मंडळींशीं तिचा प्रत्यक्ष संबंध आहे. संभाजी महाराजांच्या सैन्यानें इ. स. १६८३ मध्यें चौलास वेढा दिला, असें आपण वाचतों. वरचें चौल तेव्हां स्वराज्यांतच होतें. वेढा पडला तो रेवदंड्यास. नुसतें पोर्तुगीज साधन वाचणारा ‘चौल’ लिहितो, त्याचें भाषांतर करणारा तसेंच ठेवतो, आणि तिसरा कोणी मोडी पत्रांत त्याच साली चेऊलचा मराठी अंमलदार पाहून पत्रच बनावट ठरविण्यास निघतो. शिवाय मोडींत ‘चेऊल’ म्हणजे कधीं कसबा, कधीं ‘मामले चेऊल’ हा सारा मुलूख. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ निवडण्यास पत्रांतील गांवांचीं नांवें, जमिनींचा प्रकार, आगराची कीं भाताची, आणि पत्र कोणाच्या दप्तरांतून आलें हें पाहावें लागतें.

शेवटचें हेंच आज दुर्मिळ होत आहे. चौलास एका बागायतदार गृहस्थांनीं मला एक लांकडी पेटी उघडून दाखविली. देवस्थानाच्या नेमणुकीचे, आगराच्या साऱ्याचे व भाऊबंदांच्या वांटणीचे असे कागद एका रुमालांत होते; निम्मा रुमाल वाळवीनें व खाऱ्या हवेनें गेलेला. ज्यांवर ठळक शिक्के होते ते कागद कांहीं वर्षांपूर्वीं एका फिरत्या व्यापाऱ्यानें चांगली किंमत देऊन नेले. उरले ते बिनशिक्क्याचे. संग्राहक बंधूंस माझें स्पष्ट सांगणें आहे कीं, रुमालांतून उपटलेला शिक्क्याचा कागद म्हणजे देठावरून तोडलेलें फूल. तें कोणत्या झाडाचें होतें हें मग कोणी सांगूं शकत नाहीं. माझ्यापुरतें बोलावयाचें तर, त्या पेटींतील बिनशिक्क्याच्या एका वांटणीपत्रांत वाडीच्या सीमा सांगतांना चेऊल व रेवदंडा हीं दोन्ही नांवें शेजारीं-शेजारीं, निरनिराळीं गांवें म्हणून आलीं होतीं. वर केलेल्या सर्व प्रतिपादनाचा सार त्या दोन ओळींत होता, आणि बाजारांत त्या कागदास कोणी दमडीहि दिली नसती. मीं त्याची नक्कल केली, गृहस्थांस सर्व कागदांचीं छायाचित्रें काढून ठेवण्यास सांगितलें, आणि रुमाल होता तसा बांधून ठेवला.

रेवदंडा मराठ्यांकडे आला तो लढाईनें नव्हे, तहानें. चिमाजी आप्पांनीं इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत वसई घेतली. साष्टी व बारदेश येथेंहि मराठी फौजा उतरल्या होत्या. गोवें वांचविण्यासाठीं पोर्तुगीजांनीं इ. स. १७४० च्या तहांत चौल व कोर्लई सोडून दिलीं. मध्यस्थीस मुंबईकर इंग्रज होते. दोनशें वर्षें जपलेलें ठाणें देतांना त्यांस फार वाईट वाटलें असेल. परंतु व्यापाराच्या दृष्टीनें चौल त्यापूर्वींच ओसरलें होतें. खाडींत गाळ सांचत होता, सुरतेनें उत्तरेकडील व्यापार ओढला होता, आणि मुंबई इंग्रजांकडे गेल्यानंतर चौलचे विणकर तेथें नेऊन वसविण्याचा त्यांनीं पद्धतशीर प्रयत्न केला होता. बंदर मरतें तेव्हां आधीं त्याचे कारागीर उठतात, तोफा मागाहून उतरतात.

आज रेवदंड्याच्या तटाच्या आंत नारळीच्या वाड्या आहेत. ‘सातखणी’ म्हणून जो उंच मनोरा लोक दाखवितात तो फ्रान्सिस्कन पंथाच्या मठाचा. सात खणांपैकीं वरचे पडून गेले आहेत. वेशीवर पोर्तुगालच्या राजचिन्हाचा दगड आहे. डोमिनिकन व जेझुइट यांच्या इमारतींच्या भिंती वेलींनीं झांकल्या आहेत. याच गांवांत बेने इस्रायल समाजाचें सभास्थानहि आहे. या समाजाच्या पूर्वजांचें गलबत याच किनाऱ्यावर, नवगांवपाशीं, फुटलें अशी त्यांची परंपरा सांगते. वरच्या चौलांत रामेश्वराचें देऊळ व पुढची पुष्करिणी, शितळादेवी, हिंगुळजेच्या डोंगरांतील कोरीव लेणीं, आणि मुसलमानी अमलांतील हमामखाना अशीं स्थळें एका दिवसांत पाहून होतात. डॉ. जर्सन दा कुन्हा यांनीं इ. स. १८७६ मध्यें चौल व वसई यांवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला तो हातीं घेऊन फिरल्यास तेव्हां काय होतें व आतां काय उरलें याचा ताळा चांगला घालतां येतो. ताळा समाधानकारक नाहीं, एवढें सांगतों. कोरीव दगड विहिरींच्या कांठीं व कुंपणांत गेलेले मीं पाहिले. त्यांचे ठसे घेण्याचें काम कोणा तरुणानें अंगावर घेतल्यास त्यास चौलांत एक हिंवाळा पुरणार नाहीं.

पोर्तुगीज बाजूची सामग्री मात्र बरीच सुरक्षित आहे. गोव्याच्या दप्तरखान्याची स्थापना इ. स. १५९५ मध्यें झाली व त्याचा पहिला रखवालदार दियोगु दु कोउतु हा स्वतः इतिहासकार होता. राजाशीं दरवर्षीं होणाऱ्या पत्रव्यवहाराचीं बाडें तेथें आहेत. आंतोनियु बोकार्रु यानें इ. स. १६३५ मध्यें पूर्वेकडील पोर्तुगीज किल्ल्यांचें जें वर्णन केलें त्यांत चौलाचें प्रकरण असून सोबत बार्रेतु द रेझेंद याचे नकाशे आहेत. हा नकाशा व आजचा तट शेजारीं ठेवून कोणीतरी बुरुजन्‌बुरुज ताडून पाहिला पाहिजे.

खाडीवर आतां पूल झाला आहे, त्यामुळें कोर्लईस जाण्यास तरीची वाट पाहावी लागत नाहीं. किल्ल्याच्या पायथ्याशीं ख्रिस्ती वस्ती आहे. इ. स. १७४० मध्यें शिबंदी निघून गेली, पाद्र्यांच्या मोठ्या इमारती ओस पडल्या, कागद गोव्यास व लिस्बनास गेले. परंतु या वस्तीची बोली राहिली. ते तिला ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, असें म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज. पण वाक्यांत क्रियापद शेवटीं येतें, मराठींत येतें तसें. भाषाशास्त्रज्ञ क्लेमेंट्स यांनीं या बोलीचा विशेष अभ्यास केला असून मूळ पोर्तुगीज वाक्यरचना मराठीच्या शेजारानें कशी पालटत गेली हें दाखविलें आहे. चावी, पाव, पगार, काजू हे शब्द आपण त्यांच्याकडून घेतले. त्यांनीं आपल्याकडून वाक्याचा सांगाडाच घेतला. ही बोली बोलणारीं माणसें आतां हजाराच्या आसपास आहेत. घरांत ती, शाळेंत व बाजारांत मराठी, असा त्यांचा व्यवहार. पायथ्याच्या एका अंगणांत दोन वृद्धा याच बोलींत मासळीच्या भावाविषयीं वाद घालीत होत्या. मला शब्द कळले नाहींत. वाक्य कोठें संपतें तें मात्र प्रत्येक वेळीं कळत होतें.